सहा डझन नानकटाया ऑफिसपर्यंत अखंड कशा न्यायच्या?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तीन वर्षांपूर्वी तुम्ही मिनेसोटात आलात. ऑफिसात दर डिसेंबरात कुकी एक्सचेंज असतं आणि यंदा यादीत तुमचंही नाव आहे. बारा माणसं, प्रत्येकाने एकाच प्रकारच्या सहा डझन कुकी घरी करून आणायच्या. तुम्ही अंडं खात नाही, घरातही आणत नाही, म्हणून नानकटाई करून पाहिलीत. पहिल्यांदा तूप घट्ट होतं म्हणून मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलंत, तर सगळ्या पसरून एकमेकींना चिकटल्या. दुसऱ्यांदा धास्तीने मैदा वाढवलात, तर डबा उघडेपर्यंत निम्म्यांचा भुगा झाला. आता तुम्ही विचारताय, दुसरी कुठली सोपी कुकी करू का, की सरळ विकतच्या आणून डब्यात भरू?

मी इथे एकोणीस वर्षं आहे. मिनेसोटात घरगुती पदार्थ विकण्याचा कायदा २०१५ साली सुटसुटीत झाला, तेव्हापासून रीतसर नोंदणी करून घरून बिस्किटं, नानकटाया, केक विकते. डिसेंबरात दर आठवड्याला काही शे नानकटाया माझ्या ओव्हनमधून निघतात. त्या अनुभवावरून सांगते, तुम्ही पदार्थ अगदी योग्य निवडलाय. अंडं नाही, वर आयसिंग नाही, डब्यात दोन आठवडे टिकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेलदोडा मुरला की जास्तच छान लागते. चुकलंय ते वेगळंच. चहासोबत खायला सोळा नानकटाया करणं आणि बहात्तर एकसारख्या नानकटाया पाच-सहा दिवस टिकवून, गाडीतून नेऊन, बारा जणांच्या हातांखालून अखंड पार पाडणं, ही दोन निराळी कामं आहेत. पहिल्या कामात अंदाज चालतो, दुसऱ्यात चालत नाही.

बहात्तर हा आकडा कुठून आला तेही बघा. बारा जण, प्रत्येकाकडून सहा-सहा. म्हणजे तुम्हीसुद्धा बहात्तरच घेऊन घरी याल, पण बारा प्रकारच्या. एका घराने एकच पदार्थ भरपूर करायचा आणि डबा मात्र सगळ्या घरांच्या पदार्थांनी भरायचा, अशी ही रीत आहे. आपल्याकडे फराळाची ताटं अशीच फिरतात. गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, बेबिंका आणि कुलकुलं घेऊन शेजारी ताटं जातात, तीही अशीच. फरक इतकाच की इथे सगळं एकाच टेबलावर, एकाच वेळी आणि मोजून होतं. म्हणून एखादी नानकटाई मोठी, एखादी चपटी, एखादी फुटलेली असली की शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला तीच उरते. आकार सारखा ठेवणं म्हणजे सगळ्यांना सारखा वाटा देणं.

उत्तर पूर्ण देण्याआधी काही गोष्टी सांगते, ज्या तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुमचा ओव्हन गॅसचा आहे की विजेचा, आणि तो दाखवतो तेवढाच तापतो का, ते मला इथून कळणार नाही. तुमचं तूप घरी कढवलेलं आहे की विकतचं, त्यावरही बारीक फरक पडेल. आणि त्या बारा जणांत कुणाला कशाची ॲलर्जी आहे, हे तुम्हालाच विचारावं लागेल. बाकी जे सांगतेय ते ठामपणे सांगतेय.

आता तुपाकडे येऊ, कारण नानकटाईचं सगळं गणित तिथेच आहे. अमेरिकन कुकीत लोणी असतं, आणि इथल्या लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असावा असा नियम आहे. उरलेलं बरंचसं पाणी. ते पाणी मैद्यातल्या प्रथिनांना मिळतं, त्यांचं ग्लूटेन बनतं आणि कुकीला थोडी पकड येते. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. त्यामुळे नानकटाईत ग्लूटेन फारसं तयार होत नाही आणि ती जिभेवर विरघळते. तिची खुसखुशीतपणाची गंमत आणि तिचा ठिसूळपणा, दोन्ही एकाच कारणाने येतात. तिला धरून ठेवतं ते थंड होऊन गोठलेलं तूप आणि त्यात घट्ट बसलेलं पीठ-साखर. म्हणून तूप आणि पीठ यांचं प्रमाण थोडं जरी हललं तरी ती एकतर पसरते, नाहीतर भुरभुरते. तुम्ही दोन वेळा ही दोन टोकं गाठलीत, एवढंच झालं.

पातळ तूप का पसरतं? घट्ट, रवाळ तूप पिठीसाखरेबरोबर फेसलं की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. ओव्हनमध्ये ते फुगतात, नानकटाई वर उचलली जाते, तिला तडे पडतात, आणि तूप पूर्ण वितळेपर्यंत बाहेरची कड थोडी तरी बसलेली असते. पातळ तुपात हवा अडकतच नाही. ते आधीच वितळलेलं असल्याने ओव्हनमध्ये गेल्या क्षणापासून गोळा खाली बसायला लागतो. तेव्हा तूप मायक्रोवेव्हमध्ये अजिबात घालू नका. तुमच्या घरात हिवाळ्यात हीटिंग चालू असतं, साधारण ६८ ते ७० अंश फॅरनहाइट. तुपाची बरणी रात्रभर ओट्यावर ठेवली की सकाळी चमच्याने काढता येईल आणि बोटाने दाबलं तर खळगा पडेल इतपत होते. तसंच हवं. बरणीत वर पातळ आणि खाली दाणेदार असं दोन थरांचं झालं असेल तर सगळं ढवळून तासभर फ्रिजमध्ये ठेवा, पुन्हा बाहेर काढा, मग वापरा. आणि एक, तूप फेसून झालं की त्याचा थेंब पाण्यात टाकून तरंगतो का बघा, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. तूप पाण्यापेक्षा हलकंच असतं, न फेसलेलंही तरंगतं. त्यावरून काही कळत नाही. रंगाकडे बघा. पिवळट तूप साईसारखं फिकट झालं आणि चमच्याला मऊ तुऱ्यासारखं चिकटून राहिलं की झालं. हँड मिक्सरने चार-पाच मिनिटं लागतात, हाताने पंधरा.

दुसरी गोष्ट मैदा. तुम्ही कपाने मोजलात असं लिहिलंय. कप पिठाच्या पिशवीत खुपसून भरला तर त्यात १५० ग्रॅमपर्यंत मैदा बसतो. चमच्याने हलका भरून वरून सपाट केला तर १२० ग्रॅम. दोन कपांत साठ ग्रॅमचा फरक. अडीचशे ग्रॅमच्या कृतीत साठ ग्रॅम जास्त म्हणजे दुसऱ्या दिवशी भुगा ठरलेला. मी लहान असताना मिरजेत दिवाळीच्या आधी बेकरीसमोर रांग लागायची. आई मैदा, रवा, साखर, तूप डब्यांमध्ये भरून द्यायची, आणि एक रिकामा पत्र्याचा डबा, त्यावर खडूने आमचं आडनाव. बेकरीवाले चाचा आईचं वाटीचं माप कधीच मानायचे नाहीत. सगळं पुन्हा तराजूत टाकायचे, मैदा जास्त झाला तर आमच्यासमोर काढून परत द्यायचे. तेव्हा मला वाटायचं की ते उगीच वेळ काढतात. आज माझ्या ओट्यावरची पहिली वस्तू म्हणजे डिजिटल वजनकाटा. तुमच्याकडे नसेल तर या एका कामासाठी घ्या, पुढे अनारशापासून पुरणापर्यंत उपयोगी पडेल.

त्या चाचांकडून आणखी एक गोष्ट मिळाली. नानकटाया ते भट्टी ऐन तापलेली असताना कधी लावायचे नाहीत. पहाटेचा पाव काढून झाला, भट्टी उतरायला लागली की मग आमच्या ट्रेची पाळी. नानकटाईला रंग चढवायचा नसतो, ती आतपर्यंत सावकाश सुकली पाहिजे. इथल्या बहुतेक कुकी ३५० अंश फॅरनहाइटवर भाजतात. मी नानकटाई ३२५ वर भाजते. वरून ती फिकट राहते, तळ सोनेरी होतो. वरूनही सोनेरी झाली तर तुपाचा वास मागे पडून भाजक्या बेसनाचाच वास येतो. तुम्हाला तो आवडत असेल तर प्रश्न नाही, पण मग ती कडकही होते. तुमच्या ओव्हनमध्ये टांगायचा साधा थर्मामीटर एकदा लावून बघा. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरातला ओव्हन पंचवीस अंश जास्त तापायचा, आणि मी वर्षभर कृतीला दोष देत होते.

आता माप. ही एका घाण्याची कृती, तुम्हाला असे दोन घाणे लागतील. मैदा २५० ग्रॅम, बेसन ७५ ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, घट्ट तूप २०० ग्रॅम, पिठीसाखर १७० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, सोडा चिमूटभर, मीठ चिमूटभर, वेलदोड्याची ताजी पूड एक टीस्पून, किंचित जायफळ, आणि एक टेबलस्पून दूध. या मापात प्रत्येकी १८ ग्रॅमचे साधारण चाळीस गोळे होतात. दोन घाण्यांचे ऐंशी. बहात्तर द्यायच्या, आठ हाताशी. चव बघायला, आणि शेवटच्या क्षणी एखादी तुटली तर बदलायला.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. इथे मिळणाऱ्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडं कॉर्नस्टार्च घातलेलं असतं, ते आपल्याला सोयीचंच आहे. दाणेदार साखर मात्र घेऊ नका. ती तुपात विरघळत नाही आणि तिने गोळा जास्त पसरतो. बेसन चाळून घ्या, आणि कच्चा वास येत असेल तर कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं कोरडं परतून पूर्ण थंड करा. गरम बेसन फेसलेल्या तुपात घातलंत तर सगळी मेहनत वाया. सोडा चिमूटभरच, कारण जास्त झाला की पीठ सैल पडतं, नानकटाई पसरते, लवकर तांबूस होते आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. तड्यांसाठी म्हणून पुष्कळ जण सोडा वाढवतात. तडे नीट फेसलेल्या तुपानेही पडतात.

दुधाबद्दल थोडं सांगते, कारण ते पारंपरिक कृतीत नसतं. घरी खायच्या नानकटाईत मीही घालत नाही. पण जी नानकटाई डब्यात बसून प्रवास करणार तिला एक टेबलस्पून दूध पुरेसं ओलेपण देतं. ग्लूटेनची अगदी बारीक जाळी तयार होते आणि नानकटाई हातात तुटत नाही, तोंडात मात्र तुटते. दोन टेबलस्पून घातलंत तर ती बिस्किटासारखी टणक होईल. माझ्या विकायच्या नानकटायांत हे दूध आहे, आणि ते घालायला लागल्यापासून फुटल्याची तक्रार जवळजवळ थांबली.

कृती अशी. तूप आणि साखर फेसा. कोरडं सगळं दोनदा चाळून त्यात घाला आणि बोटांच्या टोकांनी एकत्र करा. दूध शिंपडा. मळायचं नाही, गोळा होईपर्यंत फक्त दाबायचं. झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग एकेक गोळा काट्यावर ठेवून १८ ग्रॅमचा करा. ऐंशी वेळा वजन करायचं म्हणजे कंटाळवाणं वाटेल, पण दहाएक गोळ्यांनंतर हाताला अंदाज येतो आणि काटा नुसता खात्रीसाठी राहतो. गोळा दोन तळहातांमध्ये वळून हलकासा दाबा, कडेला भेग पडू देऊ नका. बेकिंगच्या कागदावर दोन-दोन इंच अंतर ठेवून लावा. ट्रेला तूप किंवा तेल लावू नका, निसरड्या तळावर कुकी जास्त पसरते. मोठ्या ट्रेवर वीस बसतात. एका वेळी एकच ट्रे, मधल्या कप्प्यात, १८ ते २० मिनिटं. चार ट्रे म्हणजे दीड तास धरा. पहिला ट्रे बाहेर आला की त्यावर लगेच दुसरे गोळे लावायचा मोह होतो. तापलेल्या ट्रेवर गोळ्याचं तूप ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं. दोन ट्रे आलटून पालटून वापरा.

ओव्हनमधून काढल्यावर नानकटाया मऊ असतील, कच्च्या वाटतील. हात लावू नका. पंधरा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, तूप गोठलं की त्या आपोआप सुटतील. तुमचा जो भुगा झाला त्यात थोडा वाटा गरम असताना उचलण्याचाही असावा असं मला वाटतं.

आणि ही सगळी बहात्तरची मांडामांड करण्याआधी तीन गोळे भाजून बघा. प्रत्येक वेळी, अगदी मीसुद्धा. पसरले तर उरलेल्या पिठात दोन टेबलस्पून मैदा घालून पुन्हा पंधरा मिनिटं फ्रिज. कोरडे पडून कडा फाटल्या तर एक टीस्पून तूप. तीन गोळ्यांत जे कळतं त्याने उरलेले सत्याहत्तर वाचतात. कच्चं पीठ मात्र चाखू नका, मुलांनाही देऊ नका. अंडं नसलं तरी मैदा कच्चाच असतो आणि त्यातूनही पोटाचे आजार होतात.

वेळेचं म्हणाल तर एक्सचेंज शुक्रवारी असेल तर आधीच्या शनिवार-रविवारी करून ठेवा. आदल्या रात्री करायला घेऊ नका, कामावरून येऊन ऐंशी गोळे वळताना हात घाई करतात. त्याहून आधी करायच्या असतील तर भाजलेल्या नानकटाया फ्रीझरमध्ये दोन महिने छान राहतात. थर लावताना मध्ये बेकिंगचा कागद ठेवा आणि डबा घट्ट बंद करा. बाहेर काढल्यावर डबा तसाच बंद ठेवून तीन-चार तास थांबा. लगेच उघडला तर खोलीतली दमट हवा थंड नानकटायांवर पाणी होऊन बसते. हीच गोष्ट गाडीची. इथे मिनेसोटात डिसेंबरात गाडीच्या डिकीत डबा तासभर राहिला तरी तो बर्फासारखा होतो. ऑफिसात नेल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास झाकण उघडू नका. डब्यातून वाटण्यापेक्षा प्रत्येकासाठी सहा-सहाच्या बारा छोट्या पिशव्या आधीच बांधून न्या. एका पिशवीत उभ्या रांगेत सहा, आडव्या टाकलेल्या नव्हे. उभ्या रांगेत त्या एकमेकींना आधार देतात. मऊ कुकींबरोबर एकाच डब्यात मात्र ठेवू नका. मऊ कुकीतला ओलावा नानकटाईत शिरतो आणि दुसऱ्या दिवशी ती मेणचटते.

आता एक विषय ज्यात मला अजिबात सूट द्यायची नाही, तो म्हणजे ॲलर्जी. अमेरिकेत नऊ पदार्थ मुख्य ॲलर्जीकारक धरले जातात. दूध, अंडी, मासे, कवचधारी मासे, काजू-बदाम-पिस्त्यांसारखा सुका मेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, आणि २०२३ पासून तीळ. तुमच्या नानकटाईत गहू आणि दूध आहेच. वर पिस्ता लावायचा असेल तर आधी विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर लावू नका. केशराच्या दोन काड्या दिसायलाही सुंदर दिसतात. आणि आपल्या घरातली खरी अडचण दाण्याच्या कुटाची आहे. ज्या मिक्सरच्या भांड्यात सकाळी कूट केलं त्यातच आपण वेलदोडा वाटतो. शेंगदाण्याच्या तीव्र ॲलर्जीला तेवढं पुरतं. भांडं, पाट, चाळणी घासून घ्या, वेलदोडा खलबत्त्यात कुटा, आणि तरीही चिठ्ठीवर लिहा की या स्वयंपाकघरात शेंगदाणे वापरले जातात. बेसन हरभऱ्याचं असतं हेही लिहा. ते त्या नऊमध्ये नाही, पण कडधान्यांची ॲलर्जी असलेल्या माणसाला ते कळायला हवं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाला हरभरा चालत नव्हता आणि चिठ्ठी वाचूनच तिने डबा बाजूला ठेवला होता. त्या दिवसापासून चिठ्ठी हा माझ्या कृतीचाच भाग आहे.

चिठ्ठीवर नाव काय लिहायचं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ‘नानकटाई’ असंच लिहा, आणि खाली एक ओळ, वेलदोड्याचं तुपातलं शॉर्टब्रेड. फक्त शॉर्टब्रेड, म्हणजे इथलं लोणी-साखर-मैद्याचं बिस्किट, एवढंच लिहिलंत तर लोक खातील आणि विसरतील. आणि वेलदोड्याची भीती बाळगू नका. मिनेसोटात नॉर्वे-स्वीडनहून आलेल्यांची घरं पुष्कळ, आणि त्यांच्या गोड पावात, नाताळच्या बिस्किटांत वेलदोडा पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी पहिल्यांदा शेजारच्या आजींना नानकटाई दिली तेव्हा त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाल्या, हा तर माझ्या आजीच्या डिसेंबरातल्या स्वयंपाकघराचा वास. त्यांनी मला त्यांचं स्प्रिट्झ कुकी काढायचं यंत्र दाखवलं. नळी, खाली चांदणीची चकती, वरून दाबायचं. मी घरी जाऊन माझा सोऱ्या घेऊन आले. दोघी तासभर एकमेकींच्या चकत्या लावून बघत बसलो होतो. आमच्या दोघींच्या चकत्या एकमेकींच्या यंत्रांत बसल्या नाहीत, पण चकलीच्या चकतीतून स्प्रिट्झची पट्टी मात्र सुरेख निघाली.

तुम्हाला नानकटाईचा धीरच होत नसेल तर शॉर्टब्रेड करा. वजनाने एक भाग साखर, दोन भाग बिनमिठाचं लोणी, तीन भाग मैदा. अंडं नाही, आणि लोण्यातल्या पाण्यामुळे पकड नानकटाईपेक्षा जास्त. सोऱ्या असेल तर तेच पीठ थोडं मऊ ठेवून चकलीच्या चकतीतून लांब पट्ट्या काढा आणि दोन-दोन इंचांचे तुकडे करून भाजा. बिनअंड्याची चॉकलेट चिप कुकी मात्र पहिल्या एक्सचेंजला करू नका. त्या कुकीत अंडं बांधण्याचं आणि ओलावा धरण्याचं काम करतं, त्याला पर्याय आहेत पण ते हातात बसायला चार-पाच घाणे जातात. शंकरपाळी नेऊ का असंही काहींना वाटतं. मी नेत नाही. तळलेल्या पदार्थाचा वास बंद पिशवीत इतर कुकींना लागतो.

विकतच्या आणून भरण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एक्सचेंजमध्ये समोरचा माणूस आपल्यासाठी दोन दिवस ओव्हनपाशी उभा राहिलेला असतो. यंदा जमणार नसेल तर जे आयोजन करतात त्यांना सांगा, मी प्लेट, नॅपकिन, कॉफी आणते. कुणी वाईट वाटून घेत नाही. दुकानातल्या कुकी घरच्या म्हणून ठेवणं मात्र करू नका. त्यात ॲलर्जीचा प्रश्नही आहे, कारण आवरण फेकलं की आत काय होतं ते कुणालाच कळत नाही.

राहिला तुमचा शेवटचा, जरा संकोचून विचारलेला प्रश्न. मिळालेल्या बहात्तरांपैकी अंड्याच्या असतील त्यांचं काय? बहुतेक असतीलच. वरचं पांढरं टणक आयसिंग अंड्याच्या पांढऱ्याचं किंवा त्याच्या भुकटीचं असतं, मार्शमॅलोत जिलेटीन असतं, जुन्या घरगुती कृतींत कधी कधी डुकराची चरबीही असते. ‘मी अंडं आणि जिलेटीन खात नाही, चिठ्ठीवर घटक लिहाल का?’ असं आठवडाभर आधी एका ओळीत कळवा. गेली अनेक वर्षं मी हेच करते. आमच्या गटात आता दोन बायका दरवर्षी मुद्दाम बिनअंड्याचं काहीतरी आणतात, मी कधी मागितलं नव्हतं तरी. बाकीच्या कुकी मी घेते, आभार मानते आणि मुलांच्या मित्रांना वाटते. न घेता परत ठेवू नका, देणाऱ्याला ते लागतं.

थोडक्यात तुमच्या दोन फसलेल्या घाण्यांचं निदान सांगायचं तर पहिल्यात तूप पातळ होतं, दुसऱ्यात मैदा मापाबाहेर होता, आणि ओव्हनही जास्त तापत असेल तर ते थर्मामीटर लावल्यावर कळेल. या शनिवारी एकच घाणा करा, तोही अर्धा, म्हणजे १०० ग्रॅम तुपाचा. तीन गोळे आधी भाजा. किती पसरले, तळाचा रंग कसा आला, आणि तूप घरचं होतं की विकतचं, एवढं लिहून कळवा. पुढच्या मोठ्या घाण्यात काय बदलायचं ते मी त्यावरून सांगते.